आनंदीले गाडी लागते

२४ ऑगस्ट, रविवार

आनंदीले आज पुन्हा गाडी लागली. बालाघाटातून निघून वैनगंगेचा पूल ओलांडून गर्ऱ्यापर्यंत बी नाई पोचलो, त मांगून आवाज आला, "अवो, थांबा! थांबा म्हन्ते ना!" मी थांबलो, पन थांबेपर्यंत व्हाचं ते होऊन गेलतं. वारासिवनीले ज्योत्स्नाकडे, म्हंजे आनंदीच्या बहिनीकडे, जेवाले जाऊन राह्यलो होतो. जेवन मी एकट्यानंच केलं. आनंदी ओसरीत डोक्याले ओला फडका बांधून पडून होती.

गाडी घेतल्यापासून बाई जितक्यांदा बसली, तितक्यांदा उलटी.

आता लिहूनच ठेवतो. बालाघाटात शाळा माझी हिंदीत झाली, पन रागाचं मले मराठीतच लिवता येते. आमी नवरा-बायको लग्न झाल्यापासून दर दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर जातो. पह्यले ट्रकात उभं राहून, मंग बसनं. तिच्या कडेवर अंकित आन् माझ्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं. तवाच मनात म्हन्लं होतं, डोमाजी, एक दिवस हिले आपल्या सोताच्या गाडीत, मांगच्या गादीवर, साहेबाच्या बाईसारखी बसवून नेजो. रिटायर झालो, जुनी का होईना, गाडी घेतली. आन् आज ही बाई बहिनीच्या देखत म्हनते, "दसऱ्याले मी आपली बसनंच जाईन. तुमी या तुमच्या डब्ब्यात."

डब्बा! असा राग आला मले. पन खरं सांगू, रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

कारन माझ्या ध्यानात आलं हाये. गाडीतली हवा खराब हाये. पह्यला मालक लालबर्ऱ्याचा तांदळाचा व्यापारी, तंबाखू-सुपारीचा खर्रा खानारा मानूस. त्याचाच वास मुरला असन. मी जिंदगीभर मलेरिया निरीक्षक होतो. बैहरकडच्या गावोगावी फिरून लोकाइले सांगतलं का बापाहो, घरात हवा खेळती ठेवा. मले हवा शिकवाची कोनाले गरज नाई. म्हनूनच मी गाडीच्या काचा घट्ट बंद ठेवतो. धूळ, डास, राइस मिलचा कोंडा, काईच आत येत नाई. तरी आतली हवा बिघडते कशी, हेच शोधाचं हाये.

दसऱ्यापर्यंत हे काम झालंच पाह्यजे. आनंदी माझ्या गाडीतूनच नागपूरले जाईन.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गावात घरोघरी करत होतो तसंच निरीक्षन केलं. टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलं. खर्र्याच्या पन्न्या, बिस्कुटाचा भुगा, कोना बाईची फुटकी बांगडी, वाळलेली संत्र्याची साल, आन् जागोजागी धान. धान त आपलंच. मांगं ज्योत्स्नाच्या घरून चिन्नोर धानाचा कट्टा, म्हंजे पोतं, मिलवर नेला होता, तो फाटका निघाला. बाकीचं सारं झाडून काढलं. धान तसंच राहू देल्लं. झाडूनं धान लोटाची आपल्याकडे रीत नाई, हातानं येचाव लागते, आन् तितका वेळ नव्हता.

मंग उपचार. घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वरून कडूनिंबाचा ओला पाला आन् लोभान टाकलं, घमेलं गाडीत ठेवलं, काचा बंद केल्या आन् मी घरात चहा प्याले गेलो. धुराले आपलं काम कराले वेळ द्याव लागते.

कप तोंडाले लावला नाई, तोच बाहेर बोंब. शेजारचा प्रेमलाल ओरडून राह्यला होता, "डोमाजीची गाडी पेटली रे!" मी बाहेर येईपर्यंत सगळी गल्ली बालट्या घेऊन हजर. दरवाजा उघडून आत पानी, पुन्हा पानी, एकानं त नाली साफ कराची मोटर लावली. गाडीतून धूर आन् चिखल संगंच निघाला. आन् मी कप घेऊन उभा, त लोक माझ्याकडे असे पाहून राह्यले का आता हा मानूस आमच्या पाया पडन.

गीता शाळेतून आली तवा सारं झालतं. गीता म्हंजे आमची सून, वारासिवनीच्या शाळेत शिकवते. अंकित नोकरीले भिलाईत, सुट्टीत येते. गीतानं गाडीभोवती एक चक्कर मारली आन् म्हनली, "बाबूजी, मच्छर तो पक्का मर गए होंगे." आनंदी तोंडाले पदर लावून आत पळाली. हसाले कोनाची बंदी नाई.

३० ऑगस्ट, शनिवार

पावसाची झड लागली हाये. गाडी वाळूनच नाई राह्यली. आत बसलं का ओल्या घोंगड्यात तोंड घातल्यासारखं वाटते.

बाजारातून खुशबूच्या डब्ब्या आनल्या. गुलाब, मोगरा, संत्रा, आन् दुकानदारानं आग्रह केला म्हनून एक समुद्र. समुद्राचा वास बालाघाटात कोनाले मालूम? तो म्हनन तोच समुद्र. चारी डब्ब्या लावल्या. एकीनं नाई तर दुसरीनं, फरक पडलाच पाह्यजे.

गीताची स्कूटी पंक्चर होती म्हनून तिले शाळेत सोडून देल्लं. पोरगी सगळा रस्ता जांभया देत होती. मी म्हन्लं, "रात्री झोपत नाई का वो?" त म्हनते, "बाबूजी, ये गोल तीर वाला बटन बंद करो ना. इससे अंदर की ही हवा घूमती रहती है."

"मंग? आतली हवा आपली हाये. तिले थंड कराले पेट्रोल जाळतो आपन."

"पर हम सब उसी में साँस छोड़ते हैं ना!"

"सगळे घरचेच त हाये."

तिनं काच थोडी खाली केली. मी माझ्या बटनानं वर केली. डायवरजवळ सगळ्या काचाइचे बटन राहतात, हे या गाडीचं बम चांगलं हाये.

एक गोष्ट पाह्यली. दर ब्रेकले गीता समोरचा डॅशबोर्ड धरून राह्यली होती. नव्या पोराइले सवय नाई. मी ब्रेक जोरातच मारतो. त्याच्यानं मांगच्या मानसाले भरोसा राहते का डायवर जागा हाये. सरकारी जीप बी मी अशीच चालवली, कोनाची तक्रार नाई. मांगं फवारनीचे पंप राहत.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज जे पाह्यलं ते कोनी सांगतलं असतं त मी त्याले मूर्खात काढलं असतं. गाडीत धान उगवलं!

डायवर सीटच्या मांगं, आनंदी जिथं पाय ठेवते तिथं, गालिच्यातून हिरवे कोंब. बोटभर उंच. मी सगळ्याइले हाका मारल्या. प्रेमलाल आला, त्याच्या घरचे आले. प्रेमलाल म्हने, "उपटून फेक ना भाऊ, गाडी सडन." मी म्हन्लं, "उभं धान उपटून फेकाले हात धजते का तुझा?" त त्यानं पुढं केलेला हात मांगं घेतला. धानवाल्याच्याच घरचा हाये तो बी.

पन खरी मजा आनंदीची. जी बाई गाडीच्या सावलीत उभी राहत नव्हती, ती वाकून आत शिरली, हातानं कोंब कुरवाळले आन् म्हनली, "ज्योत्स्नाचं चिन्नोरच हाये हे. पानं कशी फुटून राह्यली पाहा!" महिन्याभरात पह्यल्यांदा ती माझ्या गाडीत हसली. मी ठरवलं, धान राहू द्याचं.

७ सप्टेंबर, रविवार

धानाले उजेड पाह्यजे, वारा पाह्यजे, म्हनून आनंदीच्या हुकुमानं चारी दरवाजे दिवसभर उघडे राहतात. खुशबूच्या डब्ब्या बी तिनं काढून टाकल्या, त्याच्यानं धान पिवळं पडन म्हनते. माझं काई चाललं नाई.

आन् नवलाची गोष्ट, गाडीतला वास कमी झाला! सकाळी आनंदी मांगच्या सीटवर बसून धानाले पानी शिंपडत होती, तिथंच बसून वटानेबी सोलले. ना मळमळ, ना काई.

मी खूप विचार केला. आता माझ्या ध्यानात आलं. हिरवं झाड हवा साफ करते, हे मी खुद्द गावोगावी सांगतलं हाये. धानानंच हवा साफ केली. म्हंजे दसऱ्यापर्यंत धान गाडीतच राहू द्याचं. अंकितले फोन करून सांगतलं, त त्यानं मले पुन्हा सांगाले लावलं. मंग म्हने, "बाबा, आप ठीक हो ना?"

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोठ्या भरोशानं परीक्षा घेतली. आनंदीले मांगं बसवलं, पायाजवळ धान. भर वाऱ्यानं कोंब मोडतीन म्हनून काचा बंद केल्या, एसी लावला, गोल तीरवालं बटन दाबलं. मधात एक बकरी आडवी आली, मंग एक खड्डा, मंग एक सायकलवाला, मंग पुन्हा बकरी. मी दर खेपी वेळेवर ब्रेक मारला.

गर्ऱ्याजवळ आनंदीले उलटी झाली. सगळी धानावर.

गाडीतून उतरली, रस्त्याच्या कडंले बसली आन् मले म्हनली, "आता ऐकून घ्या. मोहल्ल्यातल्या बाया बसनं जाऊन राह्यल्या दसऱ्याले. मी त्याइच्या संगं जाईन. तुमी तुमच्या गाडीनं या. तिथं भेटू."

"तिथं भेटू? आन् मंग गाडी मी कोनासाठी घेतली?"

"मले काय मालूम? मी मांगतली होती का?"

वारासिवनीची बस आली, तिनं हात दाखवला आन् चढून गेली. बालाघाटच्या उलट्या दिशेनं! ज्योत्स्नाकडे दोन दिवस राह्यली म्हंजे राग उतरन. मी एकटा गाडी घेऊन घरी आलो. रस्त्यात रडू आलं. काचा बंद होत्या म्हनून कोनाले दिसलं नाई.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आनंदी काल परत आली. बोलनं कमी हाये. आल्या आल्या तिनं धान उपटलं, धुतलं आन् अंगनातल्या टाक्याजवळ, ओल्या मातीत रोवून देल्लं. मले कोनी विचारलं बी नाई.

गीताले आज सुट्टी होती. तिनं फोनवर काई तरी पाहून गाडीचं खानंच उघडलं, ते समोरचं, कागदपत्र ठेवाचं. त्याच्या मांगं हात घातला आन् एक चौकोनी जाळी बाहेर काढली. काळी ठिक्कर! त्याच्यात पाला, कोंडा, आन् उंदरानं कापूस आनून केलेलं घर. "बाबूजी, एसी की सारी हवा इसी में से आती है."

मी म्हन्लं, "मले अंदाज होताच." खरं म्हंजे मोटारीले जाळी राहते हे मले आजच समजलं. मनात आलं, डोमाजी, तू लोकाइच्या घरात उंदराचे बीळ बुजवत फिरला आन् तुझ्या नाकासमोर उंदराचा संसार!

मंग मी बी भिडलो. गालिचे काढले, साबनानं घासले, छतावर उन्हात टाकले. सीटा ब्रशनं, काचा व्हिनेगरच्या पान्यानं. जाळी नवी आनून बसवली. खानं-पिनं गाडीत बंद, चपला बाहेर झटकाच्या, कचरा त्याच दिवशी काढाचा, असे नियम मी सगळ्याइले वाचून दाखवले. आनंदीनं विचारलं, "आन् श्वास घ्याचा का नाई?" बोलली त सही.

२१ सप्टेंबर, रविवार

साफ गाडी, नवी जाळी, काचा बी गीताच्या म्हनन्यानं थोड्या उघड्या. आता त नसन ना होत? तरी नवेगावच्या वळनावर आनंदीचं तोंड पिवळं पडलं. उलटी नाई झाली, पन हात वर केला का बस, फिरवा मांगं.

हवा साफ हाये. मी सोता हुंगून पाह्यली. मंग आता काय राह्यलं? मले काईच सुचून नाई राह्यलं. गीता काई बोलाले तोंड उघडते, आनंदी तिले डोळ्यानं चूप करते. हे मी आरशात पाह्यलं.

सांजच्याले आनंदी बसस्टँडवर जाऊन बसची चौकशी करून आली. प्रेमलालनं मले सांगतलं. तिनं नाई.

२८ सप्टेंबर, रविवार

गीता आज म्हनली, "बाबूजी, आप इतने साल इंस्पेक्टर थे. मरीज जहाँ सोता था, वहीं जाके देखते थे ना? तो तकलीफ पीछे की सीट पे है, और आप देख रहे हो आगे से."

मले हे पटलं. खरं म्हंजे माझ्या मनात हेच येऊन राह्यलं होतं, तिनं फक्त बोलून दाखवलं. गीताजवळ लायसन हाये, भिलाईले अंकितनं तिले शिकवलं. मी म्हन्लं, तू चालव, मी मांगं बसतो, पन निरीक्षन बरोबर पाह्यजे. काचा बंद, एसी, गोल तीर, आन् गाडी जशी मी चालवतो अगदी तशीच चालवाची.

"बिल्कुल आपके जैसी?"

"बिल्कुल."

"सोच लो बाबूजी."

"चल ना वो, वेळ नको करू."

पोरीनं गाडी काढली. सुरुवातीले ठीक होतं. मंग पह्यला ब्रेक. माझं कपाळ समोरच्या सीटले लागलं. मंग क्लच असा सोडला का मान मांगं गेली. मंग खड्डा आला, तिनं खड्ड्याच्या आधी जोर मारला आन् खड्ड्यात ब्रेक मारला. मी म्हन्लं, "अवो, हळू!" ती म्हनली, "आप ऐसे ही चलाते हो." मी म्हन्लं, "मी काई असा नाई..." तोच पुन्हा ब्रेक. पोटात सारं वरचं खाली आन् खालचं वर. मी खिडकीचं बटन दाबलं, त तिनं समोरून बंद केलं. "काँच बंद, बाबूजी. धूल आएगी."

गर्ऱ्याजवळ मले उलटी झाली.

गीतानं पान्याची बाटली देल्ली, पाठीवरून हात फिरवला. तिच्या नाकपुड्या तेवढ्या हालून राह्यल्या होत्या. परत आली ती काचा उघडून, अशी हळू, का गाडी चालू हाये का बंद हेच समजे ना.

घरी आनंदीनं माझं तोंड पाह्यलं आन् समजून गेली. खाट टाकून देल्ली.

लिहून ठेवतो. सकाळी पोहे जास्त झालते. तेलबी जुनं असन.

पन पडल्या पडल्या एक विचार जाऊन नाई राह्यला. आनंदीनं हे दोन महिने सोसलं. आन् मी दर खेपी समोरून ओरडलो, "खिडकीबाहेर पाह, तिथं ध्यान दे, सगळं मनाचं असते!"

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल जाऊन आलो.

सकाळी आनंदी पांढरी साडी नेसून, थैली घेऊन दारात आली. मोहल्ल्यातल्या बाया बसस्टँडकडं निघाल्या होत्या, तिले हाका मारून राह्यल्या होत्या. मी चाबी घेऊन गाडीजवळ उभा. मी चाबी गीताच्या हातात देल्ली आन् सगळ्याइले ऐकू जाईन अशा आवाजात म्हन्लं, "माझा गुडघा दुखून राह्यला. क्लच दाबता येनार नाई. तूच चालव."

गीता म्हनली, "कैसे चलाऊँ, बाबूजी?"

"तुझ्या मनानं."

आनंदीनं माझ्याकडे पाह्यलं. मंग बायाइले हात केला का तुमी व्हा समोर, मी येते मांगून. थैली गाडीत ठेवली.

मी समोरच्या सीटवर बसाले गेलो, त मांगून आवाज आला, "तिकडं कुठं चालले? इकडं या."

"समोरून रस्त्यावर ध्यान राहते."

"रस्ता गीता पाहीन. तुमी इकडं या."

वारासिवनी गेली, कटंगी गेली. काचा उघड्या. दोन्हीकडं धान उभं होतं. धूळ आली, मिलचा कोंडा आला, एक डास त माझ्यासमोर आत येऊन बसला. मी त्याले बसू देल्लं. काचा उघड्या ठेवाची कल्पना तशी माझीच, बैहरच्या दिवसातली. आनंदीनं पुडी उघडून मुरमुरे खाल्ले, आन् ते बी गाडीत, माझ्या नियमाच्या छाताडावर बसून. मळमळ नाई, काई नाई.

तुमसरच्या अलीकडे ती म्हनली, "ट्रकात म्हना, बसमदी म्हना, इतकी सालं तुमच्या खांद्याले खांदा लावून गेली मी. गाडी आली आन् मले नुसती तुमची मान दिसून राह्यली. ती बी अशी ताठ! मले वाटे, ह्या मानसाले मी मांगं बसली हाये हे याद तरी हाये का नाई."

मी म्हन्लं, "आन् उलट्या?"

"उलट्या त तुमच्या ब्रेकनं होत होत्या."

"मंग पह्यल्याच दिवशी काहून नाई सांगतलं?"

"कशी सांगू? माझ्यासाठी गाडी घेतली म्हनून गावभर सांगत फिरले तुमी. इतक्या हौसेनं चालवत होते. म्हन्लं, होईन सवय."

बाईनं माझ्या हौसेपायी पोट पिळवटून घेतलं आन् मी तिच्या पायाजवळ डब्ब्या लावत बसलो. मी तिचा हात धरला. गीतानं आरसा वर केला, शहानी पोरगी. मंग आनंदी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली ती रामटेक गेलं तरी उठली नाई.

नागपुरात गाडी बम दूर लावून पायी गेलो. अंकित भिलाईहून रेलगाडीनं आलता, तो तिथं भेटला. त्या गर्दीत आनंदीनं माझा हात सोडला नाई. हात जोडाले तेवढा सोडला.

परतीच्या रस्त्यात अंधार पडाच्या आधी गीतानं चहाले गाडी थांबवली आन् म्हनली, "रोड मस्त है बाबूजी. घुटना ठीक हो तो थोड़ा आप चला लो." तिनं चाबी समोर केली. माझे हात शिवशिवले. आपली गाडी, असा रस्ता. आनंदी मांगच्या सीटवर सरकून माझ्यासाठी जागा करून बसली होती.

मी म्हन्लं, "नाई वो बाई, भल्ला दुखून राह्यला."

गुडघ्याले काईच झालं नव्हतं.